चिंपांझी, केळी आणि कुलपं : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात युगांडातल्या न्गांबा बेटावरच्या चिंपांझी आश्रयस्थानाची माहिती दिली होती. व्हिक्टोरिया सरोवरातलं सुमारे 100 एकरांचं हे बेट. शिकारीत आई गेलेले आणि तस्करांकडून सोडवलेले पन्नासच्या आसपास चिंपांझी तिथे राहतात. काम 1998 पासून चालू आहे. त्यावर कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रं आली. एकाच विषयावरची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

जोतिबाच्या डोंगरावर आपण माकडांना केळी देतोच. चिंपांझीला दिवसाला किती केळी लागतात? (शाहूपुरी)

नियमित आहारात केळी नसली तरी चालतं. बाजारातलं केळं माणसाच्या जिभेसाठी वाढवलेलं, मऊ आणि गोड. जंगलातला चिंपांझी जी फळं खातो त्यांतली बरीच उंबराच्या जातकुळीतली असतात: बियांनी गच्च भरलेली, चोथा भरपूर, साखर बेताची. जागेपणीचा जवळपास निम्मा वेळ त्याचा खाण्यात आणि खाणं शोधण्यात जातो. त्याच जनावराला डझनभर केळी दिली तर पोट दहा मिनिटांत भरतं आणि उरलेला दिवस रिकामा जातो. मग वजन वाढतं, दात किडतात, मधुमेह होतो. शिवाय खाल्लेलं तोंडात परत आणून पुन्हा गिळण्याची सवय लागते. बंदिस्त चिंपांझींमध्ये ही खोड सर्रास दिसते आणि एकदा लागली की सुटता सुटत नाही.

म्हणून ताटात मुख्यतः भाजी असते: कोबी, गाजर, काकडी, भोपळा, रताळं, पालेभाज्या, आणि पाल्यासकट तोडलेल्या फांद्या. फळ थोडंच. अनेक ठिकाणी वानरवर्गासाठी बनवलेली कडक बिस्किटंही देतात. आपल्यासारखंच चिंपांझीच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. बिस्किटांतलं हे जीवनसत्त्व साठवणीत घटत जातं, त्यामुळे पोत्यावरची उत्पादनाची तारीख पाहून जुनं पोतं आधी संपवावं लागतं. केळं राखून ठेवतात ते औषधाची गोळी दडवायला. तिथेही फसगत होतेच: केळं गिळून गोळी ओठांवर आणून थुंकणारे महाभाग प्रत्येक कळपात असतात.

खाणं दिवसातून तीन-चारदा विभागून देतात आणि लांबवर विखरून फेकतात. एकाच जागी ढीग ओतला की कळपाचा म्होरक्या आणि त्याचे दोन साथीदार त्यावर बसतात, खालच्या पायरीवरच्या माद्या उपाशी राहतात. तुकडे चिंपांझींच्या संख्येच्या कितीतरी पट हवेत. फेकताना कीपर, म्हणजे देखभाल करणारा माणूस, डोकी मोजतो. जो आला नाही, किंवा आला पण हात पुढे केला नाही, त्याचं नाव लगेच वहीत. आजार दिसण्याआधी भूक जाते, आणि चिंपांझी आजार लपवण्यात पटाईत असतो.

आम्ही म्हशीला खोड्यात घालून इंजेक्शन देतो. चिंपांझीला कसं देतात? (करवीर तालुक्यातील एक दूध उत्पादक)

तो स्वतःहून खांदा पुढे करतो. हे ऐकायला गंमत वाटते, पण यामागे काही आठवड्यांची, कधी काही महिन्यांची रोजची मेहनत असते.

सुरुवातीला फक्त क्लिकरचा (दाबलं की वाजणाऱ्या छोट्या खटक्याचा) ‘टिक’ आवाज आणि लगेच एक बेदाणा, एवढंच. टिक म्हणजे बक्षीस हे डोक्यात बसलं की जाळीबाहेर काठी धरतात. काठीच्या टोकाला बोट लावलं की टिक. काठी हळूहळू सरकवत खांदा जाळीला टेकायला शिकवतात. मग त्या खांद्याला बोथट काडी लावायची, नंतर सुई नसलेली सिरिंज, नंतर सुई, पण औषधाविना. खरं इंजेक्शन सगळ्यात शेवटी. एक बैठक पाच-दहा मिनिटांची, आणि चिंपांझी उठून गेला तर त्याला जाऊ द्यायचं. शिक्षा नाही, ओरडणं नाही. जबरदस्ती एकदा झाली की आधीचं सगळं पाण्यात.

बिघडतं ते बहुतेक वेळा डॉक्टरांमुळे. डॉक्टर फक्त सुई टोचायलाच यायला लागले की त्यांची चाहूल लागताच सगळा कळप किंचाळत मागच्या भिंतीला जातो. म्हणून त्यांनी अधूनमधून रिकाम्या हातानं यावं, बेदाणे वाटावेत आणि निघून जावं. दुसरी चूक म्हणजे एका चिंपांझीला शिकवताना बाकीच्यांना मोकळं सोडणं. ते बेदाण्यांवर तुटून पडतात. त्यांच्यासाठी पलीकडच्या जाळीशी दुसरा माणूस हवा.

याच पद्धतीनं तोंड उघडणं, लघवीचा नमुना देणं, छाती जाळीला लावून हृदयाची सोनोग्राफी करून घेणं हेही शिकवता येतं. सोनोग्राफीचं महत्त्व मोठं. बंदिस्त चिंपांझींच्या, विशेषतः नरांच्या मृत्यूंमागे हृदयविकार हे एक प्रमुख कारण आहे. हृदयाच्या स्नायूत तंतू वाढत जातात आणि बाहेरून काही कळत नाही. भुलीचा डार्ट, म्हणजे लांबून मारलेली भुलीची सुई, हा शेवटचा पर्याय. डार्ट लागलेला चिंपांझी उंचावर चढला तर गुंगीत खाली कोसळतो, आणि पोट रिकामं नसेल तर ओकारी श्वासनलिकेत जाते.

चिंपांझीत दहा पैलवानांची ताकद असते म्हणतात. खरं का? (गंगावेश, एक तालीमवाले)

दहा नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्नायूंच्या अभ्यासात तेवढ्याच आकाराच्या माणसाच्या स्नायूपेक्षा चिंपांझीच्या स्नायूचा जोर सुमारे 1.35 पट निघाला. झटक्यानं आकुंचन पावणारे तंतू त्याच्यात जास्त असतात, हे त्याचं कारण.

पण आखाड्याचा हिशेब इथे लावू नका. चिंपांझी कुस्तीच्या नियमानं लढत नाही. तो बोटं, चेहरा, कान आणि जननेंद्रियं पकडतो, चावतो. त्याचे सुळे मोठे आणि पकड चारही पंजांची. म्हणून शहाण्या आश्रयस्थानात कीपर प्रौढ चिंपांझींच्या पिंजऱ्यात कधीही जात नाही, लहानपणापासून हातानं वाढवलेला असला तरी. काम जाळीआडून चालतं.

काम संपल्यावरचा धोका कुलपात असतो. सरकता दरवाजा बंद केला, खिळ अडकवली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. मग दुसऱ्या माणसानं तेच पुन्हा ओढून पाहायचं आणि सही करायची. झाडलोटीला आत शिरण्यापूर्वी पलीकडच्या कक्षातली डोकी मोजून तोंडानं आकडा म्हणायचा. ‘सगळे तिकडे गेले असतील’ या एका वाक्यानं जगभर अपघात झालेत.

झाडलोटीतही क्रम आहे. आधी शेण-पाचोळा कोरडाच उचलायचा, मग साबणपाण्यानं घासून धुवायचं आणि त्यानंतर जंतुनाशक. घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणच खाऊन टाकते. साधारण 5 टक्क्यांच्या घरगुती ब्लीचच्या एका भागाला तीसेक भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग भरपूर पाण्यानं धुऊन वाळवायचं. लघवीवर थेट ब्लीच ओतलं तर अमोनियाशी मिसळून विषारी वायू निघतो. हे गोठा आणि कुत्र्यांचं खुराडं राखणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं.

चिंपांझी वारुळात काडी घालून वाळवी काढतो, असं लेखात होतं. कृत्रिम वारूळ आमच्या वर्कशॉपमध्ये बनवता येईल का? (शिरोली एमआयडीसी)

येईल, आणि फौंड्रीच्या गावाला जमेल असंच काम आहे. काडीनं वाळवी काढण्याची ही नोंद चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांनी 1960 मध्ये टांझानियातल्या गोंबे इथे केली. तोवर हत्यार बनवणारा प्राणी म्हणजे माणूसच असं मानलं जाई.

सिमेंट काँक्रीटचा ठोकळा किंवा जाळीबाहेर बसवलेली लोखंडी पेटी, दोन्ही चालतात. आत नळ्या: आतला व्यास 20 ते 25 मिलिमीटर, खोली वीतभर ते दीड वीत, तोंडापासून आत खाली उतरत्या, म्हणजे माल बाहेर ओघळत नाही. नळीचं मागचं टोक कीपरच्या बाजूला यावं आणि त्याला फिरकीचं झाकण असावं. हे विसरलात तर सगळं वाया: आत साचलेलं आंबतं, बुरशी येते, मुंग्या होतात, आणि आठवड्याभरात वारूळ कायमचं बंद पडतं. नळ्या रोज गरम पाण्यानं आणि बाटलीच्या ब्रशनं धुवायच्या.

कडा घासून गोल करा. नट-बोल्ट उघडे ठेवू नका. चिंपांझी बोटांनी नट सोडवतो आणि गिळतोही. बोल्टवर टाका मारा, नाहीतर नट पलीकडच्या बाजूला घ्या. सुटी साखळी लांब ठेवली तर तिचा फास बसतो. ती पाइपातून ओवा. बाहेरच्या जाळीचा डोळा 50 मिलिमीटर असेल तर बोटं बाहेर येतात, पंजा येत नाही. ते लक्षात घेऊन पेटीचं अंतर ठरवा.

नळीत रताळ्याचा लगदा, साखर नसलेलं शेंगदाण्याचं बटर किंवा भिजवलेल्या बिस्किटांचा गोळा भरतात. मध कधीतरी. आपला गूळ मोहात पाडेल, पण नको. काड्यांसाठी तुतीच्या किंवा बांबूच्या डहाळ्या पाल्यासकट द्या, कारण पानं ओरबाडून काडी तयार करणं हाच खेळाचा अर्धा भाग आहे. कण्हेर आणि रुई विषारी, त्यांची काडीही आत जाता कामा नये. सगळ्यात महत्त्वाचं, भोकं चिंपांझींपेक्षा जास्त आणि एकमेकांपासून लांब हवीत. एकच वारूळ मध्यभागी बसवलंत तर ते म्होरक्याची गादी होईल.

अनाथ पिल्लू मोठं झालं की जंगलात का सोडत नाहीत? (गडहिंग्लज, एक शिक्षिका)

काही ठिकाणी सोडलेत. काँगो प्रजासत्ताकातल्या कोंकुआटी भागात 1996 पासून काही वर्षांत 37 चिंपांझी सोडले गेले. तिथे एक गोष्ट लख्ख दिसली: सोडलेल्या नरांवर जंगली चिंपांझी हल्ले करतात. चिंपांझींचे नर आपली हद्द राखतात आणि परक्या नराला जिवंत सोडत नाहीत. म्हणजे जंगल हवं, पण त्यात आधीचे चिंपांझी फारसे नकोत, शिकारी नकोत, शेजारी शेती नको. असं जंगल सापडणं दुर्मीळ.

दुसरी अडचण शिक्षणाची. जंगलातलं पिल्लू चार-पाच वर्षं आईचं दूध पितं आणि त्यानंतरही तिच्या मागे असतं. त्या काळात ते काय खायचं, रोज संध्याकाळी फांद्या वाकवून झोपायचं घरटं कसं करायचं, कुणापुढे मान खाली घालायची हे शिकतं. आश्रयस्थानात आलेलं तान्हं माणसाच्या बाळाच्या पावडरीच्या दुधावर, सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी बाटलीनं वाढवतात, आणि दिवसरात्र कुणाच्यातरी अंगाला चिकटून राहू देतात. नुसतं दूध पाजून खाली ठेवलेलं पिल्लू डोलायला लागतं, स्वतःचे केस उपटतं. पण हेच कवटाळणं पुढे लांबलं तर ते माणसालाच आपला कळप समजतं. म्हणून शक्य तितक्या लवकर त्याच्या वयाच्या पिल्लांत, मग एखाद्या शांत मादीकडे.

कळपात घालणं घाईचं काम नव्हे. आल्यावर साधारण तीन महिने विलगवास: क्षय, कावीळ, जंत यांच्या तपासण्या. मग जाळीआडून नुसती नजरभेट, नंतर बोटं पोचतील अशी जाळी. दोन्हीकडून केस विंचरणं सुरू झालं की एकाच मादीबरोबर एकत्र, मग दुसरी, म्होरक्या शेवटी. प्रत्येक भेटीला दोन दरवाजे उघडे हवेत, म्हणजे पळणाऱ्याला कोपरा लागत नाही. केस ताठ झाले, ओठ आवळले की सावध. जाहिरातीत दिसतं ते दात विचकून ‘हसणं’ भीतीचं असतं. खेळताना चिंपांझी तोंड सैल उघडतो आणि वरचे दात बहुतेक झाकलेले असतात.

आणि हो, अशा ठिकाणी माद्यांना संततिप्रतिबंधक इम्प्लांट बसवतात. जन्मलेलं प्रत्येक पिल्लू पन्नास वर्षं जागा अडवतं, आणि जंगलातून पकडलेलं पुढचं पिल्लू दारातून परत पाठवावं लागतं.

सर्दी झालेल्या पाहुण्याला आत का घेत नाहीत? (इचलकरंजी)

कारण आपली साधी सर्दी त्यांना मारते. युगांडातल्या किबाले जंगलात 2013 मध्ये माणसात किरकोळ सर्दी करणाऱ्या ऱ्हायनोव्हायरस-सी मुळे एका कळपातले पाच चिंपांझी दगावले. गोंबेत 1966 मध्ये पोलिओसारख्या साथीनं चिंपांझी लुळे झाले. म्हणून मास्क, कित्येक मीटरचं अंतर, कर्मचाऱ्यांची नियमित क्षयतपासणी, आणि शिंकणाऱ्या कीपरला भरपगारी सुट्टी. पगार कापला तर माणूस सर्दी लपवून कामावर येतो.

भारतात कुणी चिंपांझी पाळू शकतो का? (जयसिंगपूर)

हौसेखातर नाही. वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात चिंपांझी आहे आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर आपला वन्यजीव कायदाही त्या याद्यांना जोडलेला आहे. 2019 मध्ये अंमलबजावणी संचालनालयानं कोलकात्यातल्या एका तस्करी प्रकरणात तीन चिंपांझी आणि चार मार्मोसेट (चिमुकली माकडं) जप्त केले होते. पाहायचेच असतील तर म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय आपल्याला सोयीचं.

घरातली जुनी ब्लँकेटं पाठवली तर चालतील का? (कागल)

आफ्रिकेत पाठवण्याचा खर्च ब्लँकेटांपेक्षा जास्त होईल. पण घरटी करायला अशी ब्लँकेटं खरोखर वापरतात, आणि जवळच्या प्राणी बचाव केंद्रालाही बहुधा लागत असतील. आधी फोन करून विचारा. सुती किंवा लोकरीची द्या. उसवलेली गोधडी नको: सुटा धागा बोटाला गुंडाळला की रक्त थांबतं आणि बोट जातं. चेन आणि बटणं कापून काढा, फाटकी झालर उतरवा, आणि सुगंधी द्रव न घालता धुवा.