शाळेत शहाणा, घरी येताच आकांत. मुलाला कसं सांभाळू?

प्रश्न थोडक्यात: आम्ही नागपूरला राहतो. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. मागच्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. वर्गात गप्प बसतो, बाईंची काहीच तक्रार नाही. घरात पाय ठेवला की दप्तर फेकतो, किंचाळतो, धाकट्या बहिणीला मारतो. शाळा म्हणते, इथे ठीक आहे म्हणजे घरीच काहीतरी चुकतंय. सासूबाई म्हणतात, लाडानं बिघडला. शाळेला निदान अजून सांगितलेलं नाही, शिक्का बसेल अशी भीती वाटते. सांगावं का? आणि हे रोजचं तीन वाजताचं कसं थांबवायचं? मीच कमी पडते.

उत्तर:

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि फोन तसाच बायकोच्या हातात दिला. ती दोन ओळी वाचून म्हणाली, "हे तर आपलंच घर आहे." आमचा मुलगा आता दहावीत आहे. दुसरीत असताना त्याचं अगदी हेच चालायचं, फक्त आमच्याकडे वेळ पावणेचारची होती आणि दप्तराऐवजी बूट उडायचे.

मी डॉक्टर नाही. एका ऑफिसात हिशेब तपासायचं काम करतो, त्यामुळे सांगणार तेही हिशेबनीसाच्या डोक्यानंच.

शाळेचं वाक्य आधी घेतो, कारण तुम्हाला तेच जास्त लागलेलं दिसतं. "इथे ठीक आहे" हे खरं असू शकतं. त्यावरून "घरी चुकतंय" असं मात्र ठरत नाही. ऑटिझम असलेली बरीच मुलं शाळेत स्वतःला दाबून धरतात. हात हलवावेसे वाटले तर मांडीखाली घेऊन बसतात. घंटा कानात घुसली तरी कान झाकत नाहीत, कारण एकदा झाकले तेव्हा पोरं हसली होती. शेजारचा हसला की हसतात, विनोद कळो न कळो. याला मास्किंग म्हणतात, आणि मुलींमध्ये तर हे इतकं बेमालूम असतं की त्यांचं निदानच कित्येकदा उशिरा होतं. पाच-सहा तास असं राहून पोर घरी येतं तेव्हा त्याच्यात काही उरलेलं नसतं. उधारी शाळेत होते आणि वसुली घरी. घरीच का? कारण इथे फुटलं तरी आपल्याला कोणी टाकून देणार नाही, एवढा भरवसा त्याला असतो. मला हे कळायला वर्ष लागलं. त्या वर्षात मी एकदा त्याच्यावर हात उचलला. तो रडायचा थांबला, आणि मला वाटलं की जमलं. पुढे कित्येक दिवस मी घरी आलो की तो दुसऱ्या खोलीत जायचा.

म्हणून माझं म्हणणं असं की तीन वाजताचा घोळ तीन वाजता शोधू नका. तो सकाळपासून तीनपर्यंतच्या वेळात सापडेल.

मी काय केलं ते सांगतो. आमच्याकडे दुधाचा हिशेब कालनिर्णयच्या चौकटीत लिहितात, त्याच चौकटीत मी कोपऱ्यात आकडा टाकायला लागलो. शांत दिवस शून्य, रडला तर एक, बूट उडाले तर दोन. सोबत एखादा शब्द: पीटी, बदली बाई, पाऊस, डबा परत. तीन आठवडे झाले आणि एका रविवारी बसून पाहिलं. ज्या चार दिवशी मी हाफ डे घेऊन त्याला स्कूटरवरून आणलं होतं, त्या चारही दिवशी शून्य. मी दोनदा मोजलं. म्हणजे गुन्हेगार शाळाही नव्हती आणि आम्हीही नव्हतो, निदान एकटे नव्हतो. होती ती व्हॅन. तेव्हा मेट्रोचं काम चालू होतं, रस्ते खणलेले, आणि आमचं घर मानेवाड्याकडे असल्यामुळे उतरणारा शेवटचा तोच. पन्नास मिनिटं. चौदा पोरं, मांडीवर मांडी, गाणी जोरात, वर हॉर्न. व्हॅनवाले भाऊ बिचारे सज्जन माणूस, पोरं गप्प राहावीत म्हणूनच गाणी लावायचे.

दुसरी गोष्ट डब्याची. "डबा परत" आणि "दोन" हे बहुतेक एकाच चौकटीत होते. आम्हाला वाटायचं, नखरे करतो. वर्गातच जमिनीवर बसून चाळीस डबे एकदम उघडायचे. लोणचं, अंडं, कांदा, सगळे वास एका खोलीत. त्याला मळमळायचं, तो झाकण लावून टाकायचा. सकाळी सातला दूध पिऊन गेलेलं पोर पावणेचारला उपाशी घरी यायचं. उपाशीपोटी मीसुद्धा ऑफिसात कोणाशी धड बोलत नाही.

तुमच्याकडे व्हॅन नसेल, दुसरंच काही असेल. पण तीन आठवडे आकडे टाकून पाहा, आणि जमलं तर सासूबाईंना टाकायला लावा. ते का, ते शेवटी सांगतो.

आता घरातलं. आल्या आल्या आम्ही त्याच्यावर प्रश्नांचा मारा करायचो. मी ऑफिसातून फोन करून "आज काय शिकवलं?", माझी आई "काहून रडून राहिला रे?", बायको "डबा का नाही खाल्ला?" प्रेमानंच सगळं, पण त्या वेळी त्याच्यासाठी प्रत्येक वाक्य म्हणजे आणखी एक गणित. आम्ही ठरवलं की तो आल्यापासून पाच वाजेपर्यंत त्याला कोणी काही विचारायचं नाही. हात धू, कपडे बदल, पाया पड, काही नाही. गूळ-पोळी आणि पाण्याची बाटली ठरलेल्या जागी ठेवलेली. दिवाण आणि कपाट यांच्यामधल्या फटीत जुनी गोधडी टाकली, ती त्याची जागा. तिथून त्याला कोणी ओढून काढायचं नाही, पाहुण्यांना दाखवायला तर मुळीच नाही.

एक गंमत सांगतो. व्हॅनमधल्या आवाजानं हैराण होणारा हा मुलगा उन्हाळ्यात आमच्या लोखंडी कूलरला पाठ लावून झोपायचा, आणि तो कूलर म्हणजे विमान. आई म्हणायची, "हा आवाज चालते अन् कुकरची शिट्टी नाही चालत, नाटक आहे बाप्पा सगळं." नाटक नव्हतं. कूलर एकसारखा वाजतो, पुढच्या क्षणी काय होणार हे ठाऊक असतं. शिट्टी कधी होईल ते ठाऊक नसतं. हे ध्यानात आल्यावर बायको शिट्टी व्हायच्या आधी त्याला सांगायला लागली. एवढ्यानं निम्मं काम झालं.

हट्ट कुठला आणि हे फुटणं कुठलं, हे ओळखायची पुस्तकी खूण अशी की हट्ट मागितलेली वस्तू दिली की थांबतो, फुटणं थांबत नाही. पण खऱ्या आयुष्यात हट्टानं सुरू झालेलं पाच मिनिटांत फुटण्यावर येतं, त्यामुळे त्या वेळी न्यायनिवाडा करत बसू नका. दिवा मालवा, आवाज कमी करा, आपण जमिनीवर बसा, आणि बोलू नका. समजावणं रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, तेही चित्र काढून जास्त जमतं.

बहिणीचं मात्र पक्कं ठरवा. तो यायच्या वेळी ती शेजारी किंवा आतल्या खोलीत असली पाहिजे. "दादाला समजून घे" असं तिला म्हणू नका. मार खाणं हे तिचं काम नाही. आम्ही धाकटीच्या बाबतीत ही चूक केली, ती अजून आठवण करून देते.

शाळेला सांगावं का? सांगा. शिक्का तर बसतोच. तुम्ही नाव दिलं नाही तर शाळा स्वतःहून देते: हट्टी, आळशी, संस्कार नसलेला. मला त्यापेक्षा ऑटिझम हा शब्द परवडला. (ऑटिझमसाठी मराठीत वापरतात तो स्वमग्न हा शब्द मला कधी आवडला नाही. आमचा मुलगा स्वतःत मग्न वगैरे नाही, आजूबाजूचं त्याला आपल्यापेक्षा जास्तच जाणवतं.)

पण फाइल नेऊन टेबलावर ठेवू नका, ती कोणी वाचत नाही. एक पान लिहा. निदान एका ओळीत, बाकी पानावर त्याला कशाचा त्रास होतो आणि काय केलं की बरं पडतं. मागण्या तीनच. आमच्या तीन अशा होत्या: डबा व्हरांड्यात एका मित्रासोबत खाऊ द्यावा, बाई रजेवर असतील किंवा तास बदलणार असेल तर त्याला सकाळीच सांगावं, आणि फार झालं तर न विचारता पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायची मुभा असावी. एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. आधी वर्गशिक्षिकेला एकटीला भेटा, मग मुख्याध्यापकांना.

आमच्या पहिल्या शाळेत मुख्याध्यापकांनी गोड बोलून "याच्यासाठी वेगळी शाळा पाहा ना" असं सुचवलं. मी घरी येऊन आमच्या त्या एका पानाचाच मजकूर अर्जात लिहिला, दोन प्रती नेल्या आणि एकीवर आवकचा शिक्का मागितला. सूर लगेच बदलला. अर्जात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा उल्लेख होता. त्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, लेखन-वाचनाच्या विशिष्ट अक्षमताही आहेत. कलम १६ प्रमाणे सरकारी, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची असते. भांडायची गरज पडत नाही बहुतेक वेळा, पण आपल्याला माहीत आहे हे समोरच्याला कळलेलं बरं. ज्यांच्या मुलांना फक्त एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) आहे त्यांनी लक्षात ठेवावं की ते नाव त्या २१ मध्ये वेगळं नाही. पण अशा कित्येक मुलांना लेखन-वाचनाचीही अडचण असते, तीही तपासून घ्यावी.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. रांगा आहेत, दोन-तीन फेऱ्या धरूनच चला, पाण्याची बाटली आणि आवाज अडवायला कानांवर लावायचे इअरमफ सोबत. (इअरमफ महागडे घ्यायची गरज नाही. मी इतवारीत हार्डवेअरच्या दुकानातून ड्रिलवाले कामगार लावतात ते आणले, अजून चालतात.) प्रमाणपत्रात दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त आलं की बऱ्याच सवलतींचं दार उघडतं. आमच्या मुलाला आता दहावीच्या पेपरला तासामागे २० मिनिटं जादा मिळणार आहेत. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा काही खर्च निघतो. आपल्याकडे मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेत, शिवाय केंद्र सरकारचं सीआरसी हे दिव्यांगांसाठीचं पुनर्वसन केंद्रही नागपुरात आहे. खासगीत जाण्याआधी तिथे चौकशी करा.

आणि कोणी स्टेम सेलनं ऑटिझम बरा करून देतो म्हणाला तर उठून या. ऑटिझमवर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. आमच्या ओळखीतल्या एकानं त्यापायी प्लॉट विकला.

सणावारांचं विचारलं नाहीत, पण पोळा येईलच. तान्ह्या पोळ्याला आमच्याला लाकडी बैल घेऊन जायचंच असायचं आणि ढोल वाजला की तो रस्त्यातच बसायचा. मग आम्ही तासभर आधी जायला लागलो. मैदान रिकामं असताना बैल फिरवायचा, फोटो काढायचा, प्रसाद घ्यायचा आणि ढोलवाले यायच्या आत घरी. मारबतीची गर्दीची मिरवणूक मात्र आम्ही सोडून दिली, ती टीव्हीवर पाहतो आणि आवाजाचं बटण त्याच्या हातात असतं.

तुमच्या शेवटच्या ओळीत "मीच कमी पडते" असं आहे. रात्री झोप येत नसेल, रडू आवरत नसेल तर १४४१६ वर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. माझ्या बायकोच्या वेळी असलं काही नव्हतं, ती गच्चीवर जाऊन बसायची.

आता सासूबाई. माझ्या आईला मी डॉक्टरांचे कागद दाखवले, व्हिडिओ दाखवले, चिडलो, काही उपयोग झाला नाही. "आमच्या वेळेस काय पोट्टे नव्हते का बाप्पा?" यापुढे गाडी जाईना. मग एक महिना कालनिर्णयवर आकडे टाकायचं काम तिच्याकडे दिलं. दुधाचा हिशेब तिचाच होता, तिनं हेही मनावर घेतलं. महिनाअखेरीस ती स्वतःच म्हणाली की व्हॅन बंद करा, मी जाते रिक्षानं त्याला आणायला. पुढची दोन वर्षं तीच आणायची. शेजारच्या काकू फाटकाशी त्याला "काय रे, आज काय शिकवलं?" विचारायला लागल्या की आई मध्ये हात घालायची, "आता पोट्टा थकून आला आहे. पाच वाजता ये न."