एनसीसी घे, पण फॉर्म भरताना दहावीची मार्कशीट समोर ठेव

'एनसीसी (राष्ट्रीय छात्र सेना) घेऊ की नको' ही तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपायचं सोडून उत्तर लिहायला बसलो, तर अर्ध्यात मोबाईलने मान टाकली. आज परत लिहितोय. एफवाय बीएस्सी, गावाहून रोज एसटीने येणं-जाणं, आई म्हणते अभ्यास बुडेल, मैत्रीण म्हणते 'सी सर्टिफिकेट मिळालं की थेट ऑफिसर', आणि फॉर्म द्यायला उरलेत चार दिवस. अगं, हा तर मीच, बारा वर्षांपूर्वीचा. अरे-तुरे करतोय याचा राग मानू नकोस, माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे.

परेड कशी असते, आधी बी आणि मग सी ही एनसीसीची सर्टिफिकेटं परीक्षा देऊन कशी मिळतात, हे सांगत बसत नाही. सीनियर पोरं ते चहाच्या टपरीवर फुकट सांगतात.

आधी मैत्रिणीचं बघू. थेट ऑफिसर कोणी होत नाही. सी सर्टिफिकेटला निदान बी ग्रेड आणि पदवीला 50 टक्के असतील तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून सैन्यात ऑफिसर व्हायला अर्ज करता येतो, आणि त्यात सीडीएसची, म्हणजे ऑफिसर भरतीची, लेखी परीक्षा टळते. टळतं ते एवढंच. पाच दिवसांचं एसएसबी (सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत), मेडिकल, मेरिट लिस्ट हे सगळं समोर उभंच असतं. मुलींनाही ही एंट्री आहे. वय 19 ते 25. हे 25 लक्षात ठेव, माझं पुढचं सगळं रडगाणं त्याच्याभोवतीच आहे.

आता आई. त्यांचं अगदीच चूक नाही, पण भीती चुकीच्या जागी आहे. वर्षातून दहा दिवसांच्या एका कॅम्पने कोणाचा अभ्यास बुडत नाही. बुडतात ती प्रॅक्टिकल्स. आमच्या बॅचच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलच्या दिवशीच परेड लागायची. सर चिठ्ठी द्यायचे, पण चिठ्ठीने टायट्रेशन येत नाही, ते दुसऱ्याच्या वहीवरून उतरवावं लागतं. त्यामुळे फॉर्म घेण्याआधी तुझं प्रॅक्टिकलचं टाइमटेबल आणि परेडचे वार शेजारी शेजारी ठेवून बघ. आणि बी-सीच्या परीक्षेला बसायला परेडची 75 टक्के हजेरी लागते, तेव्हा पहिल्या एसटीने तू परेडच्या वेळेत पोचतेस का, हे एकदा प्रत्यक्ष येऊन बघ. वेळापत्रकावरची एसटी आणि स्टँडवर येणारी एसटी यातला फरक तुला मी सांगायला नको.

आरडीसीचं, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या दिल्लीच्या कॅम्पचं, नाव निघालं तर मात्र घरी बसून नीट बोला. तिथे निवड होणं फार मोठी गोष्ट आहे, आपल्या महाराष्ट्राने तिथे पंतप्रधानांचा बॅनर (पहिल्या येणाऱ्या संघाला मिळतो तो) अनेकदा आणलाय. पण निवडीचे कॅम्प एकापाठोपाठ एक असतात आणि जानेवारी तर पूर्णच जातो. माझा एक मित्र त्यात गेला आणि त्याचे दोन पेपर राहिले. त्याला विचारलं तर म्हणतो परत संधी आली तर परत जाईन. असो.

आता जे सांगायला बसलो ते. भरतीच्या दिवशी शंभरेक पोरं व्हरांड्यात, पेनं चार. 'पटापट भरा, फॉर्म आजच पाठवायचेत' असं सर ओरडतायत. माझ्या खिशात आधार कार्ड होतं. पुढच्या पोराच्या पाठीवर फॉर्म ठेवून मी आधारवरून नाव उतरवलं. वडिलांचं नाव दत्तात्रय. दहावीच्या मार्कशीटवर इंग्रजीत त्याच्या शेवटी एक 'ए' आहे, आधारवर नाही. एका अक्षराने कोणाचं काय जातंय?

तेच नाव नॉमिनल रोलवर, म्हणजे कॅडेटच्या नावांच्या यादीवर गेलं, तिथून कॅम्पच्या सर्टिफिकेटवर, तिथून बी आणि मग सी सर्टिफिकेटवर. तीन वर्षं कोणी हटकलं नाही. आणि सैन्याच्या अर्जात नाव लागतं दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे. माझं सी सर्टिफिकेट, तेही बी ग्रेडचं, हातात असून दुसऱ्याच कोणाचं तरी झालं.

मग ते दुरुस्त करून घ्यायला एक ऑफिस. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, तिथले लोक बदललेही असतील. आमच्या गावापासून साठ किलोमीटर. पहिल्यांदा गेलो तर 'हे कॉलेजकडून आलं पाहिजे'. कॉलेजने पत्र पाठवलं. महिन्याने गेलो तर 'पत्र आलेलंच नाही'. कॉलेजात जावक क्रमांक होता, ऑफिसच्या आवक रजिस्टरला नोंद नव्हती. दुसरं पत्र मी स्वतः हातात घेऊन गेलो, बाबूंनी ते ट्रेमध्ये ठेवलं आणि मी नमस्कार करून बाहेर पडलो. पोच घेतली नाही! तीन महिन्यांनी त्याच टेबलासमोर उभा, आणि पुन्हा 'पत्र आलेलंच नाही'. साहेब कधी कॅम्पला, कधी रजेवर. एकदा शिपाईमामाच मला म्हणाले, 'दादा, तू आता डबा घेऊनच येत जा.'

पुढे कोणीतरी सुचवलं की राजपत्रात नाव बदलून घ्या. घेतलं. पैसे भरले, थांबलो, छापून आलं. ते नेऊन दाखवलं तर म्हणाले, 'ही तारीख सर्टिफिकेटच्या नंतरची आहे, त्या वेळी तुमचं नाव हे नव्हतंच.' त्यांचं बरोबर होतं. मला नाव बदलायचं नव्हतंच, चुकलेलं दुरुस्त करायचं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगितलं असतं तर माझे सात-आठ महिने वाचले असते.

सर्टिफिकेट दुरुस्त होऊन हातात पडेपर्यंत पावणेदोन वर्षं गेली होती. दरम्यान नोकरी धरली. भोपाळला एसएसबीला एकदाच जाऊन आलो आणि पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगला बाहेर पडलो. मग रजा मिळेना आणि 25 उलटलं. आता प्रामाणिकपणे बोलायचं तर आधी गेलो असतो तरी बाहेरच पडलो असतो कदाचित, स्क्रीनिंगला एक चित्र दाखवतात, त्यावरची गोष्ट मला कधीच धड सांगता आली नाही. पण तीन-चारदा जाऊन हरणं वेगळं आणि एका 'ए'पायी एकदाच जायला मिळणं वेगळं. बायको म्हणते हे तू आता सोड. सोडलंय म्हणूनच लिहितोय.

तेव्हा फॉर्म भरताना आधार नको, दहावीची मार्कशीट समोर ठेव. तुझं, वडिलांचं, आईचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर तशीच. आधारवर वेगळं असेल तर आधी आधार दुरुस्त कर. आता नोंदणी ऑनलाइन असते म्हणतात, म्हणजे पेनांची मारामारी नाही, पण 'आपोआप भरलेलं' नाव डोळे झाकून पुढे ढकलायची सोय झाली. कॅम्पचं सर्टिफिकेट मिळालं की त्याच दिवशी नाव वाच. बीसाठी एक कॅम्प लागतो, सीसाठी आणखी एक, आणि दोन्हीचे कागद तुझ्याकडे हवेत, 'सरांकडे आहेत' हे उत्तर चालत नाही. कुठेही पत्र दिलंस तर झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नकोस. (नियम मधूनमधून बदलतात, मी काही अधिकारी नाही. तुझ्या कॉलेजच्या एएनओ, म्हणजे एनसीसी बघणाऱ्या सरांना किंवा मॅडमना विचारून खात्री कर.)

घेऊ की नको, यावर माझं मत विचारशील तर घे. पण सर्टिफिकेटसाठी घेणार असशील तर नको. पोस्टमध्ये तू लिहिलंयस की शाळेत 15 ऑगस्टला संचलन बघताना अंगावर काटा यायचा. मला ते कारण पुरेसं वाटतं. काहींना पटणार नाही, पण कॅम्पमध्ये पहाटे थंड पाण्याने तोंड धुताना सर्टिफिकेट आठवत नाही, तो काटाच कामाला येतो. आणि एसटीचं गणित जमतच नसेल तर एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) वाईट नाही, वर्षाला 120 तास आणि दोन वर्षांत एक सात दिवसांचं शिबिर. त्याला कमी लेखणारे लोक मला आवडत नाहीत.

एक राहिलंच. बूट तुझ्या मापाचे मिळतीलच असं नाही. एक नंबर मोठे आले तर चालतील, जाड मोजे घालता येतात, लहान आले तर तिथल्या तिथे बदलून माग. लाजून गप्प बसलीस तर टाचेचे फोड पंधरा दिवस जात नाहीत. आणि कॅम्पला जाताना पेटीला स्वतःचं कुलूप ने.

तुझी पहिली एसटी किती वाजता स्टँडला लागते आणि परेड कितीची आहे, ते इथे लिही. मग पुढचं बोलू.