लाईट, नळ, सिलिंडर काहीही न घेता नाशिकजवळ राहता येईल का? २६ महिने राहून आलेल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, पुण्यात आयटीत नोकरी, जीव कंटाळलाय. नाशिकच्या आसपास एक-दोन एकर घ्यायची आणि वीज कंपनीची लाईट, नळाचं पाणी, गॅस यातलं काहीच न घेता राहायचं. असं कोणी राहिलंय का, आणि सुखसोयी सोडल्याचा पस्तावा होतो का?

राहिलोय. नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२४. मी, बायको आणि आई. त्याआधी २२ वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, म्हणजे वायरी, मोटारी, पाइप यांची भीती नव्हती. लॉकडाऊनमध्ये डोक्यात किडा शिरला. वैतरणा धरणाच्या अंगाला आतेभावाची पावणेदोन एकर पडीक होती, तो म्हणाला, राहा की. आज हे उत्तर नाशिक शहरातल्या सिडकोतल्या आमच्या जुन्या फ्लॅटमधून लिहितोय. निकाल कळलाच असेल, पण तो दिसतो तेवढा सरळ नाही.

आधी लाईटचं सांगतो, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि खरं तर ते सगळ्यात सोपं आहे. ३३५ वॅटच्या तीन सोलर प्लेटा, म्हणजे साधारण एक किलोवॅट. १५० एएचच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या. कागदावर बॅटरीत ७.२ युनिट मावतात, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हातात येतात साडेतीन. त्यात पाच-सहा एलईडी दिवे, दोन पंखे, लॅपटॉप, छोटा फ्रीज आरामात चालतो. इस्त्री, गिझर, इंडक्शन विसरायचं. एप्रिलमध्ये प्लेटा दिवसाला चार-सव्वाचार युनिट द्यायच्या, आम्ही राजे. फ्रीजमध्ये सरबत काय, दुपारभर पंखा काय.

आणि मग जुलै २०२२ चा दुसरा आठवडा. इकडे शहरात गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीला, म्हणजे नाशिककर पूर ज्याच्यावर मोजतात त्या मूर्तीला, लागलं होतं. तिकडे आमच्याकडे सलग सहा दिवस सूर्य नाही. नाही म्हणजे दुपारी बारालाही पाखरं घरट्यात बसावीत असा अंधार. दिवसाला एक युनिटसुद्धा येईना. पाचव्या दिवशी फ्रीज बंद केला, दूध उकळून उकळून आटवलं. सहाव्या दिवशी संध्याकाळी आईने सहज शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला. दहा सेकंद फिरला असेल. इन्व्हर्टर कुईं कुईं करायला लागला आणि घर काळोखात. आई त्या अंधारात भांड्यात बोट घालून म्हणाली, "अर्धी झालीय रे, उरलेली काय तू चावून देतोस?" दुसऱ्या दिवशी भिजत जाऊन शेजारच्या पाड्यावरच्या एका मावशींकडून पाटा-वरवंटा मागून आणला. तो अजून आमच्याकडेच आहे. त्या मावशींनी घरी मिक्सर घेतलाय, त्यांना पाटा परत नकोय!

बॅटऱ्या अशाच चार-पाच वेळा तळाला गेल्या आणि पावणेचार वर्षांत बसल्या. चारीचे ५५ हजार पडले होते. ४५ महिन्यांनी भागा, महिन्याला बाराशेच्या वर, नुसते बॅटरीचे. तेवढ्या युनिटचं घरगुती बिल याहून कमी येतं. पैसे वाचतील म्हणून हे करू नका. आणखी एक गंमत: पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यावर ७८ हजार अनुदान आहे, पण ते लाईनला जोडलेल्या छतावरच्या सोलरला. मीटरच नको म्हणणाऱ्याला त्यातला रुपया मिळत नाही. सरकारच्या हिशेबातही सूर्य खांबावरूनच येतो.

आता पाणी. खरं उत्तर इथे आहे, म्हणून जरा लांबेल.

इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटपट्ट्यात पाऊस धो धो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, नाशिक शहरात त्याच्या चौथाईच्या आसपास. मी हिशेब केला: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं छप्पर ५५ चौरस मीटर. म्हणजे वर्षाला दीड लाख लिटरच्या वर पाणी पन्हाळीतून वाहणार. तिघांना दिवसाला दीडशे लिटर धरलं तर ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे २४० दिवस काढायला ३६ हजार लिटर लागतात. दीड लाखातून ३६ हजार! मला वाटलं, जिंकलो. ठेवायचं कुठे, हा प्रश्न नंतर पडला. आमच्या पाच-पाच हजारांच्या दोन टाक्या. त्या ६६ दिवसांत कोरड्या, म्हणजे डिसेंबर संपायच्या आत. ३६ हजारांची टाकी बांधायला निघालात तर घरापेक्षा टाकीचा खर्च अंगावर येतो.

विहीर होती, आतेभावाच्या वाट्याची. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तळ दिसायचा. खाली काळा कातळ. बेसॉल्ट पाणी धरून ठेवत नाही, भेगा असतील तिथेच थोडं मुरतं, बाकी सगळं उतारावरून सुसाट खाली. आमच्या डोक्यावर पडलेला पाऊस वैतरणेत जातो आणि तिथून मुंबईच्या नळाला. धरण डोळ्यांसमोर चमकतंय आणि पाड्यावरच्या बाया झिऱ्यातून वाटीवाटीने हंडा भरतायत, हे मे महिन्यात रोज बघायचो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील, लाकडी बल्लीवरून तास नदी ओलांडणाऱ्या बायांचे. तो सगळा हाच पट्टा.

मग बोअर. पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा, बोलावला. हसू नका, इंजिनिअर असून मीही बोलावला. तळहातावरचा नारळ टणकन उभा राहिला, तो म्हणाला दीडशे फुटांवर दोन इंची पाणी. २८० फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला, माझ्या आणि आतेभावाच्या तोंडावर सारखाच. शेवटी मार्च ते जून टँकर. म्हणजे बघा, नळ नको म्हणून आलो आणि डिझेलवर चालणाऱ्या टँकरवाल्याला रोज सकाळी फोन करायला लागलो, "दादा, आज येताय ना?" शहरात नळाला पाणी आलं नाही तर नगरसेवकाला शिव्या घालता येतात. इथे टँकरवाल्याला शिव्या घातल्या तर तो उद्या येत नाही.

यातून माझ्या लक्षात आलं ते एवढंच. आपल्याकडे पाणी असतं तेव्हा ऊन नसतं, आणि ऊन असतं तेव्हा पाणी नसतं. जुलैत बादल्या भरून वाहतात आणि दिवा लागत नाही. एप्रिलमध्ये मोटार चालवायला वीज भरपूर आणि विहिरीत बेडूक. लाईन आणि नळ यांच्याकडे मी आधी चैन म्हणून बघायचो. ते काम करतात ते जुलैचं एप्रिलला पोचवायचं. गंगापूर धरण पावसाळ्यात भरतं म्हणून मेमध्ये सिडकोतला माझा नळ गळतो. सहा दिवस ढग असले तरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसा जळत असतो. हे काम एकट्या कुटुंबाने करायचं तर आयुष्य त्यातच जातं. आमचं जात होतं. सकाळी बॅटरीचं व्होल्टेज, दुपारी टाकीची पातळी, संध्याकाळी सरपण. पुस्तकं वाचायची म्हणून खोकंभर नेली होती, त्यातली बरीच वाळवीने वाचली.

एकट्याने नाही पण दहाजणांनी मिळून जमतं, हेही आपल्याच जिल्ह्यात आहे. बागलाणात मोसम नदीवर फड पद्धत बघून या. छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि कोणाच्या फडाला कधी पाणी ते पाटकरी ठरवणार. कित्येक पिढ्या सरकारी खात्याशिवाय चाललंय. पण त्यात तुम्हाला गावाचं ऐकावं लागतं. पुण्याच्या गर्दीला कंटाळून येणाऱ्याला तेच नको असतं.

बाकीचं भराभर सांगतो. गोबरगॅसला दोन घनमीटरच्या संयंत्रात रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार जनावरं, म्हणजे एक दिवसही लग्नाला जाता येत नाही. आम्ही गाय घेतलीच नाही, चूल पेटवली. तीन महिन्यांत बायकोचा खोकला बघून मी स्वतः सिलिंडर आणला आणि त्या रात्री कोणी काही बोललं नाही. संडासाला दोन शोषखड्डे खणले, छान चालले, पण पावसाळ्यात मातीच दीड फूट आणि खाली कातळ, त्यामुळे खड्ड्यात पाणी खालून वर यायला लागलं. पुढचं वर्णन करत नाही. साप निघायचे, त्याची सवय होते. बिबट्याची होत नाही.

पाड्यावरच्या लोकांना आमचं काय वाटायचं? त्यांच्याकडे लाईट होती, पण वाऱ्या-वादळात तार तुटली की चार-चार दिवस गुल. मग माझ्या ओट्यावर अकरा मोबाइल चार्जिंगला. एक आजी नातवाचा फोन घेऊन यायच्या. एकदा ओट्यावर टेकून त्यांनी विचारलं, "भाऊ, तुला मिळतंय तरी नको म्हणतो, ते कशापायी?" मी स्वावलंबन वगैरे बोललो असेन. त्या म्हणाल्या, "मी ३० वरीस जात्यावर नागली दळली. गिरणी आली त्या दिवशी मी झोपले, दुपारची, उन्हात." बस, एवढंच. फोन उचलला आणि गेल्या. मला त्यावर अजून उत्तर सुचलेलं नाही.

परत का आलो तेही सांगतो, नाहीतर ओट्यावरच्या आजींमुळे आलो असं वाटेल. डिसेंबर २०२३ मध्ये रात्री दोनला आईला दम लागला. फोनला रेंज नाही, कारण लाईट संध्याकाळीच गेली होती आणि टॉवरची बॅटरीही संपली होती. आमच्या घरात मात्र दिवा लख्ख. लख्ख उजेडात तिघं बसलोय आणि हाक मारायला कोणी नाही. शेवटी पळत पाड्यावर गेलो, एका पोराने भावाची पिकअप काढली, नाशिकला पोचायला दोन तास. आई बरी आहे, आत्ता आत मालिका बघतेय. पण जानेवारीत सामान भरलं.

जागा मात्र सोडली नाही. २०२४ मध्ये तिथे रीतसर सिंगल फेजचं मीटर घेतलं, सिलिंडर आहे, प्लेटाही आहेत. दिवाळीनंतर जातो आणि विहीर आटेपर्यंत जमेल तेवढे दिवस राहतो. ते चार महिने, खरं सांगतो, सिडकोतल्या चार वर्षांवर भारी आहेत. रात्री भाताच्या खाचरांचा वास, सकाळी धुकं, मोबाइल कोपऱ्यात. पस्तावा विचारलात तर २६ महिन्यांचा नाही, बोअरच्या पैशांचा आहे.

जमिनीबद्दल दोन गोष्टी, कारण यात लोक फसतात. शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं, कुळकायद्याचं कलम ६३. घरच्या सातबाऱ्यावर नाव असेल तर तो दाखला आधी काढा. आणि त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी भागात पुष्कळ जमिनी आदिवासींच्या आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाहीत. एजंट "नोटरी करून देतो, सगळे असंच करतात" म्हणाला तर चहा पिऊन उठा.

आणि घ्यायच्या आधी त्या गावात दोनदा राहून या. एक आठवडा जुलैच्या शेवटी, एक मेच्या तिसऱ्या आठवड्यात. मधल्या डिसेंबरात एजंट तुम्हाला नेणारच आहे, तेव्हा सगळं हिरवं आणि विहीर भरलेली असते. मेमध्ये गेलात तर त्याला काही विचारू नका. सकाळी पाचला उठा आणि हंडे घेऊन बाया कोणत्या दिशेला जातात ते बघा, त्यांच्या मागे जा, किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. त्या वाटेवर तुम्हाला किंवा घरच्यांना रोज चालायचंय असं धरून मग टोकनचं बोला.

बाकी काही विचारायचं असेल तर खाली लिहा. रविवारी बॅटऱ्यांसाठी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन तिकडे जातोय, उत्तर सोमवारनंतर देईन. टॉवर चालू असेल तर आधीच.