उद्या अचानक ठरवून दोन कुत्र्यांना घेऊन सिंहगड चढता येईल का?

तुमच्याकडे एक लॅब (लॅब्राडोर) आणि एक गावठी, दोघंही तीन वर्षांची, रोज तासभर फिरणारी. दिवाळीची गडबड संपली, उद्या रविवार, आणि एकदम डोक्यात आलंय की त्यांना गडावर न्यावं. न्या की! फक्त गजर साडेचारचा लावा. बाकीची तयारी रात्री दहा मिनिटांत होते, पण निघायला उशीर झाला तर त्यावर उपाय नाही.

चढाचं फारसं काही नाही. गड समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर, त्यातले पायथ्याच्या आतकरवाडीतून पायवाटेनं चढायचे सहाशेच्या आसपास. आपल्याला सव्वा-दीड तास लागतो. रोज चालणाऱ्या कुत्र्याला त्याचं काही वाटत नाही, उलट तेच आपल्याला ओढत नेतं. म्हणून गळ्यात नुसता पट्टा नको, छातीभोवती बांधायचा हार्नेस घाला. उतरताना मुरमाड घसाऱ्यावर पुढून लॅबनं हिसका दिला की आपण थेट बसतो. त्रास होतो तो उन्हाचा आणि माणसांचा.

वाटेचा वरचा भाग उघडा आहे. नऊनंतर दगड तापायला लागतात आणि बूट फक्त आपल्याच पायात असतात. हाताची मागची बाजू दगडावर टेकवून बघा. पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्यांचे पंजेही भाजणार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग गार करतं. गावठीची मला काळजी वाटत नाही. ती दमली की झाडाखाली बसते आणि कितीही चुचकारा, ढिम्म हलत नाही. लॅब मात्र तुम्ही चालताय तोवर चालत राहणार. त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. जीभ टोकाला रुंद होऊन लोंबायला लागली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या की सावलीत घ्या, पोट आणि पंजे साध्या पाण्यानं भिजवा, घोट घोट पाणी पाजा आणि तिथूनच खाली वळा. तोल जायला लागला किंवा उलटी झाली तर थेट डॉक्टर. दोघांसाठी मिळून दोन लिटर पाणी वेगळं घ्या, तुमच्या बाटलीतलं धरायचं नाही. आणि एक पसरट वाटी.

आता भजी. गडावर गेलं की कांदाभजी आलीच, आणि कुत्रं दिसलं की शेजारच्या घोळक्यातून कुणीतरी प्रेमानं एक भजं पुढे करणारच. कांदा कुत्र्यांना विषारी आहे. तांबड्या पेशी फुटतात, आणि त्रास बऱ्याचदा दोन-चार दिवसांनी दिसतो, त्यामुळे रविवारच्या भज्याचा संबंध बुधवारच्या मरगळीशी कुणी लावत नाही. एका भज्यानं मोठा लॅब आडवा होणार नाही, पण सुट्टीच्या दिवशी गडावर एकावर कोण थांबतं? पिठल्यातही कांदा असतो. 'काही होत नाही हो एवढ्यानं' म्हणणारे काका भेटतील, त्यांना हसून 'डॉक्टरांनी बंद केलंय' सांगायचं. वाद होत नाही. द्यायचंच तर भाकरीचा कोरडा तुकडा द्या. मडक्यातलं दहीही चालतं, साखर-मीठ न घालता.

गडाची स्वतःची कुत्री आहेत हे विसरू नका. बहुतेक ताक-सरबतवाल्यांच्या टपरीचं एखादं असतं आणि त्याची हद्द ठरलेली असते. तुमची जोडी दिसली की एकजण भुंकत सामोरा येईल, मागून दोघं. अशा वेळी दोरी ताणून आपल्या कुत्र्याला मागे खेचलं तर ते आणखी पेटतं. दोरी सैल धरा, बाजूला थांबा, टपरीवरच्या मावशींना हाक मारा. त्यांच्या एका 'ए काळ्या, हाड!'नं काम होतं. हद्द ओलांडली की तोच काळ्या शेपटी हलवत गडापर्यंत सोबत करतो, मग त्याच्यासाठीही चार बिस्किटं ठेवा. रेबीजची लस दोघांची चालू वर्षातली असेल तरच जा. नसेल तर हा रविवार सोडा.

सध्या गवत वाळलंय, म्हणजे कुसळं. ती बोटांच्या बेचक्यात नाहीतर कानात घुसतात आणि आत आत सरकत जातात. लॅबच्या दाट केसांत दिसतही नाहीत. गाडीत बसवण्याआधी प्रत्येक पंजा उलटा करून बोटं फाकवून बघा. गोचीड घरी गेल्यावर शोधा, कानामागे आणि काखेत आधी. मोकळं सोडू नका, कारण दगडांच्या खबदाडात नाक घालायची दोघांनाही हौस असणार आणि तिथे फुरसं, घोणस असू शकते.

नऊच्या आत उतरायला लागा. नंतर खाली खडकवासल्याच्या चौपाटीपाशी गाड्यांची रांग लागते, आणि दमलेली कुत्री बंद गाडीत तासभर ठेवणं हे चढण्यापेक्षा वाईट. गाडीत त्यांना ठेवून कणीस खायला उतरायचंही नाही, काच खाली असली तरी.

पहिलाच अनुभव चांगला आला म्हणून पुढच्या रविवारी कळसूबाई ठरवू नका. तिथे लोखंडी शिड्या आहेत आणि तो सगळा भाग अभयारण्यात येतो, तिथे आपली कुत्री नकोतच.

आणि उद्या डोळा उघडायलाच सात वाजले, तर सरळ पुण्यातल्याच वेताळ टेकडीवर जा. झाडं आहेत, घर जवळ. मोर दिसला की दोरी दोन्ही हातांनी धरा.