वेप आणि हुक्का सिगरेटपेक्षा सेफ असतो का? मित्र म्हणतात नुसता फ्लेवर असतो, काही होत नाही

भावा, तू लिहिलंयस की कॉलेजसाठी कोल्हापुरात आलास, सिगरेट कधी ओढली नाहीस, पण रूमवरची पोरं वेप म्हणजे ई-सिगरेट ओढतात आणि शनिवारी हुक्का लावतात. मी राजारामपुरीत रूम करून राहायचो तेव्हा हेच ऐकून तीन वर्षं ओढलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली सिगरेट ओढली की ठसका लागतो, डोळ्यात पाणी येतं. शरीर सांगत असतं की हे बाहेर काढ. वेप आणि हुक्क्यात तो ठसका तेवढा काढून टाकलाय, विष आहे तिथंच आहे. हुक्क्यातल्या पाण्यानं धूर गार होतो, गाळला जात नाही. गार धूर घशाला टोचत नाही म्हणून माणूस खोल ओढतो आणि गप्पा मारत तास-तासभर बसतो, जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलंय की अशा एका बैठकीत १०० किंवा जास्त सिगरेटींइतका धूर आत जाऊ शकतो. गोड वास येतो कारण तंबाखू मधात नाहीतर काकवीसारख्या पाकात मुरवलेली असते, आता काकवीचा वास आपल्याकडं कुणाला आवडत नाही सांग. पण खाली तंबाखूच आहे. आणि वर पेटता कोळसा, त्यातनं कार्बन मोनॉक्साइड येतो, त्यामुळं तंबाखू नसलेला हर्बल हुक्का पण सेफ नाही.

हे मला कळलं ते पन्हाळा रोडला मित्राच्या शेतातल्या खोलीवर. जुलैचा पाऊस, दारं-खिडक्या बंद, आत सहाजण आणि दोन हुक्के. डोकं जाम ठणकायला लागलं, आम्ही म्हटलं किक बसली, मग एकजण उलटी करून तिथंच आडवा झाला. उचलून दवाखान्यात नेला, बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजन नॉर्मल! डॉक्टरांनी कोळशाचं विचारलं आणि लगेच ऑक्सिजनचा मास्क लावला, म्हणाले ते साधं मशीन रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यातला फरक ओळखत नाही, बंद खोलीत यानं माणूस मरतो. तो वाचला. पण ती रात्र आजपण आठवली की हात गार पडतात. कधी हुक्क्यावर डोकं दुखून मळमळलं तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढ आणि तडक हॉस्पिटल गाठ.

वेपचं म्हणशील तर नुसता फ्लेवर नसतोय. ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, फ्लेवरची केमिकल्स आणि निकोटिन, हे कॉइलवर म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेवर तापतं तेव्हा फॉर्मलडिहाइडसारखी द्रव्यं तयार होतात, कॉइलमधलं निकेल, क्रोमियम पण थोडं वाफेत उतरतं. तंबाखू जळत नाही म्हणून सिगरेटपेक्षा घातक द्रव्यं कमी असतात हे खरंय, पण तू सिगरेट ओढतच नाहीस, तुझी तुलना रंकाळा तलावावरच्या स्वच्छ हवेशी करायची. वेपमध्ये निकोटिन सॉल्ट म्हणजे घशाला सौम्य लागणारं निकोटिन असतं, त्यानं घसा जळत नाही त्यामुळं दिवसभर ओढलं तरी कळत नाही, आणि मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, त्या वयात सवय लई घट्ट बसते. अमेरिकेत २०१९ ते फेब्रुवारी २०२० पर्यंत वेपमुळं फुप्फुसं खराब होऊन २,८०० च्या वर लोक ॲडमिट झाले, ६८ गेले. त्यातले बरेचसे गांजाच्या तेलात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेट नावाच्या द्रव्यामुळं, पण ते तेल घेणाऱ्यांना तरी आत काय आहे हे कुठं माहीत होतं? आपल्याकडं २०१९ पासून वेपच्या विक्रीवर बंदी आहे, म्हणजे तुझ्या रूमवर येतंय ते चोरून आलेलं, त्याचं लेबल कुणी तपासलेलं नाही.

मी पेठेच्या टीमकडनं फुटबॉल खेळायचो. शाहू स्टेडियमवर हाफ टाइमनंतर दम पुरेना, तेव्हा वेप सोडला. पहिला आठवडा चिडचिड, झोप नाही, भूक वेडी. तू एखादवेळी ओढला असशील तर आत्ताच थांबणं सोपंय. जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची फ्री हेल्पलाइन आहे, फोन कर, मराठीत बोल. आणि शनिवारी पोरांनी हुक्का लावला की तू सरळ बाहेर पड, रूममध्ये नुसतं बसलास तरी तो धूर तुझ्या छातीत जातोय.