फुगलेली पुरी आणि रिकामी कबर: लेकरांसोबतचा ईस्टर

नागपूरच्या सदर भागातल्या एका चर्चमध्ये गेली २२ वर्षं मी संडेस्कूलचा, म्हणजे रविवारच्या बायबलवर्गाचा, सगळ्यात लहान वर्ग घेते. तीन ते सात वर्षांची लेकरं. उपवासकाळ, म्हणजे येशू मरणातून उठल्याच्या सणाआधीचे, ईस्टरआधीचे चाळीस दिवस, लागला की आईबाबांचे प्रश्न सुरू होतात. यंदा आलेल्या प्रश्नांतले सहा इथे घेतले आहेत.

ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. गेल्या वर्षी क्रूसाच्या वाटेच्या, म्हणजे येशूला क्रूसावर खिळायला नेतानाच्या देखाव्याच्या, वेळी त्यानं चाबूक, खिळे, लाल रंग सगळं पाहिलं आणि रात्री झोपेत रडत उठला. नंतर कित्येक दिवस एकच विचारत होता, "येशूनं तं काहीच केलं नव्हतं, मंग त्याले काऊन मारलं?" यंदा उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) त्याला घरीच ठेवू आणि थेट ईस्टरला नेऊ का? — एक आई, मानकापूर

दुपारी बारा ते तीनच्या उपासनेला त्याला नेऊ नका. ती मोठ्यांसाठी आहे आणि एप्रिलच्या उन्हात मोठ्यांनाही जड जाते. पण शुक्रवार त्याच्यापासून लपवूही नका. शुक्रवार गाळला की रविवारी हातात फक्त खाऊ उरतो.

तुमच्या लेकराचा प्रश्न अगदी खरा आहे. त्याला "देवाची तशी योजना होती" असं उत्तर देऊ नका. साडेचार वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच ऐकू येतं की बाप आपल्या मुलाला मारू देतो. मी वर्गात असं सांगते: "ज्यांना कोणी जवळ करत नव्हतं त्यांना येशू जवळ करायचा. काही मोठ्या माणसांना त्याचा राग आला. त्यांनी त्याला मारलं. ते फार चुकीचं होतं. येशू पळून गेला नाही आणि त्यानं कोणाला उलटून मारलं नाही. त्याची आई शेवटपर्यंत तिथंच उभी होती." एवढं पुरतं. खिळ्यांचं वर्णन नको, रक्ताचं नको. त्यानं विचारलं, "दुखलं का?" तर "हो, खूप दुखलं" म्हणा आणि त्याला जवळ घ्या.

दोन वाक्यं मात्र कृपा करून कोणीच उच्चारू नका. एक, "तू खोड्या केल्यास म्हणून येशूला खिळे मारले." हे मी चांगल्या, प्रेमळ घरांतून ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी माझं काळीज हललं आहे. लेकराच्या पाठीवर एवढं ओझं कोणी ठेवू नये. दुसरं, "येशू झोपला होता." पुढे ते मूल झोपायलाच भिऊ लागतं.

पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला मरण कायमचं असतं हे नीट उमगलेलं नसतं. म्हणून "येशू उठला" याचं त्याला फारसं नवल वाटत नाही. हे नवल त्याच्या हातांना कळू द्यावं लागतं. गुरुवारी संध्याकाळी घमेल्यात गार पाणी घेऊन तुम्ही दोघांनी त्याचे पाय धुवा. येशूनं शिष्यांचे धुतले होते हे सांगा. मग त्याला तुमचे धुवू द्या. शुक्रवारी एका परातीत माती पसरा. मातीचा कुल्हड आडवा ठेवून त्याची कबर करा, आत पांढऱ्या कापडाचा तुकडा ठेवा आणि तोंडाशी एक गोटा लावा. गोटा त्यानंच अंगणातून शोधून आणावा. शनिवारी त्या परातीजवळ मोठ्यानं बोलायचं नाही, एवढाच नियम. रात्री तो झोपल्यावर गोटा बाजूला सरकवा आणि कापड घडी घालून आत ठेवा. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात डोक्याचा रुमाल गुंडाळून वेगळा ठेवलेला होता असं आहे. मुलांना तो तपशील फार आवडतो.

रविवारी पहाटे त्याला हलवून उठवू नका, नावानं हाक मारा. येशूची शिष्या मरीया मग्दालीया कबरीपाशी रडत होती. येशू समोर उभा होता, तरी तिला तो माळीच वाटला. त्यानं तिचं नाव घेतलं तेव्हा तिनं ओळखलं. मुलगा डोळे चोळत उठला की हीच गोष्ट सांगायची. मग त्याच्या मुठीत थोड्या लवंगा आणि दालचिनीचा तुकडा द्या, कारण बाया सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडे निघाल्या होत्या, आणि त्याला परातीपर्यंत चालत जाऊ द्या. पुढचं त्याचं तोच बघेल.

न्याहारीला पुऱ्या करा. टम्म फुगलेली, जराशी निवलेली पुरी त्यानं स्वतःच्या बोटानं फोडावी. आत काय आहे? काहीच नाही. कबरीतही काहीच नव्हतं. माझ्या वर्गातली एक मुलगी दर पुरी फोडून "इथं पण नाही!" असं ओरडत होती. आजवर मी दिलेल्या कोणत्याही धड्यापेक्षा तिचं ते वाक्य मला मोठं वाटतं.

ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतो? मुलीनं विचारलं, मला सांगता आलं नाही. — एक बाबा, जरीपटका

तिला पौर्णिमा दाखवा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यानच फिरतो. चर्चची पौर्णिमा ठरलेल्या कोष्टकातून काढतात, पण आपल्या दिनदर्शिकेशी ती बहुतेकदा जुळते. २०२४ मध्ये होळीच्या पौर्णिमेनंतरचा रविवार ३१ मार्चला होता, तोच ईस्टर. २०२५ मध्ये हनुमान जयंतीनंतर २० एप्रिलला आला आणि २०२६ मध्ये ५ एप्रिलला. २०२७ मध्ये पुन्हा होळीनंतर, २८ मार्चला. मुलीला गच्चीवर न्या आणि चंद्र पूर्ण होताना तीन-चार रात्री दाखवा. सूत्र आपोआप पाठ होईल.

गेल्या वर्षी गॅलरीत चॉकलेटची अंडी लपवली होती. चर्चहून येईपर्यंत सगळ्यांचा लगदा झाला, मुलं रडली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो. काय करावं? — एक आई, गोधनी रोड

कोकोआ बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. एप्रिलमध्ये आपल्याकडे सकाळी दहा-अकरालाच गॅलरी त्याच्या पुढे गेलेली असते. त्यामुळे चॉकलेट फ्रिजमध्ये ठेवा आणि शोधाशोध संपल्यावर बक्षीस म्हणून द्या.

लपवायला उकडलेली, घरी रंगवलेली अंडी घ्या, पांढऱ्या कवचाची. सहा-सात कांद्यांची टरफलं अर्धा तास उकळून पाणी गाळलं की तांबूस तपकिरी रंग मिळतो. बिटाचा गुलाबी आणि हळदीचा पिवळा येतो. जांभळ्या कोबीच्या पाण्यात अंडं रात्रभर ठेवलं तर निळं होतं, आणि हे बघायला मुलं शनिवारी रात्री तीनदा फ्रिज उघडतात. प्रत्येक रंगाच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घाला. त्यानं कवच किंचित खरबरीत होतं आणि रंग धरतो. जास्त घातलंत तर बुडबुडे येऊन रंग सोलवटतो.

आता काळजीचं. आपल्या उन्हाळ्यात उकडलेलं अंडं तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका. सकाळी साडेसहाला लपवा, सातला शोधा आणि साडेसातला न्याहारीत खाऊन टाका. तडकलेली आधी खा. उरलेली कवचासकट फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात. कुठे लपवलं ते कागदावर लिहून ठेवा आणि शेवटी मोजा. नाही तर सोफ्याखाली राहिलेलं एक तिसऱ्या दिवशी वासानं सापडतं. कूलरजवळ काहीही लपवू नका. पाणी, वीज आणि आत शिरणारे लहान हात यांचा मेळ फार वाईट आहे. गॅलरीत लपवायचं तर कठड्याजवळ नाही, जमिनीच्या उंचीवरच.

मोठ्या मुलांसाठी संत्रा गोळ्या किंवा होळीच्या उरलेल्या गाठी चालतात. त्या वितळत नाहीत, फक्त मुंग्यांपासून जपा. चार वर्षांच्या आतल्यांना कडक गोळ्या, फुटाणे, शेंगदाणे अजिबात नकोत, घशात अडकतात.

अंडी आणि ससा यांचा बायबलशी काय संबंध? — एक आजोबा, काटोल रोड

सशाचा काहीच नाही. अंडी आणणारा ससा ही जर्मनीतली सतराव्या शतकापासून आढळणारी लोककथा आहे. आमच्या वर्गात तो येत नाही. घरी आला तर त्याला गोष्टीतला ससाच राहू द्या. अंड्याचा संबंध उपवासाशी आहे. मध्ययुगात युरोपात उपवासकाळात अंडी वर्ज्य होती, कोंबड्या मात्र घालतच होत्या. साठलेली अंडी ईस्टरला खाल्ली जात. पूर्वेकडच्या चर्चमध्ये ती ख्रिस्ताच्या रक्ताची आठवण म्हणून लाल रंगवतात.

माझे सासर हिंदू आणि शाकाहारी आहे. घरात अंडं येत नाही. मुलाला ईस्टर कळावा असं वाटतं, पण सासूबाईंना दुखवायचं नाही. — एक सून, प्रतापनगर

तुमच्या पत्रात दोन्हीकडची माया आहे, म्हणून उत्तर देताना आनंद होतो. अंड्यावाचून ईस्टरचं काहीही अडत नाही.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या एक आठवडा आधी, मूठभर गहू रात्रभर भिजवा आणि मातीच्या पसरट भांड्यात मुलाच्या हातानं पेरा. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. भांडं सावलीत ठेवा, नाही तर कोंब करपतात. ईस्टरपर्यंत चार बोटं हिरवंगार उगवतं. येशूनं स्वतःच्या मरणाबद्दल बोलताना गव्हाच्या दाण्याचंच उदाहरण दिलं होतं: जमिनीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो. नवरात्रात घट बसवत असतील तर सासूबाईंना हे तुमच्यापेक्षा चांगलं येत असेल. गहू किती दाट पेरायचा, पाणी किती घालायचं, हे त्यांनाच विचारा. नातवासोबत त्यांनीच पेरलं तर फारच छान.

लपवायला कैऱ्या घ्या. आकार जवळजवळ तोच, आणि हंगामही तोच. त्यांना रंग देऊ नका, रंगीत कागदात गुंडाळा. मुलानं शोधून आणलेल्या कैऱ्यांचं त्याच दुपारी पन्हं करा आणि पहिला पेला त्याच्या हातून आजीला द्या. परात, कुल्हड, पुऱ्या हे वर सांगितलेलं सगळं तुमच्याही घरात जसंच्या तसं चालेल. गोष्ट मात्र अर्धवट सांगू नका. "हा आईचा सण आहे, आई असं मानते" हे मुलाला स्वच्छ सांगा. आजीचे सणही तितक्याच मनानं साजरे करा. मुलं दोन घरांची माया आरामात सांभाळतात. मोठी माणसं घाबरली की मात्र तीही घाबरतात.

माझे वडील डिसेंबरमध्ये गेले. ईस्टरच्या पहाटे आम्ही कबरस्तानात जाणार आहोत. पाच वर्षांच्या मुलीला न्यावं का? तिचा त्यांच्यावर फार जीव होता. — एक मुलगी आणि आई, सदर

न्या. पण शनिवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, आधी एकदा तिला घेऊन जा. कबर झाडू द्या, पाणी मारू द्या. पहाटेच्या अंधारात, मेणबत्त्या आणि रडणाऱ्या माणसांमध्ये पहिल्यांदाच ती जागा बघितली तर लेकरू बावरतं. आदल्या दिवशी झाडलेली जागा तिची स्वतःची होते.

ती विचारेल, "आजोबा पण आज उठणार का?" त्या प्रश्नासाठी तयार राहा. दोन वर्षांपूर्वी वर्गात मला एका मुलानं तो विचारला आणि मी गप्प झाले. आता मी असं म्हणते: "आज नाही. येशू उठला, म्हणून आजोबाही एक दिवस उठतील, असा आपला विश्वास आहे. केव्हा, ते देवाला माहीत. तोवर मलाही त्यांची आठवण येते." ती हिरमुसेल. तिला हिरमुसू द्या, लगेच खाऊ पुढे करू नका. तुम्हाला रडू आलं तर तिच्यासमोर रडा.

रविवारी सूर्य उगवतो सहाच्या सुमारास, त्याआधी पोहोचा. आपल्याकडे एकानं "प्रभू उठला आहे" म्हटलं की दुसरा "खरोखर उठला आहे" म्हणतो. हे उत्तर तिला घरीच शिकवून ठेवा आणि आजोबांच्या कबरीपाशी तिलाच म्हणू द्या. आठच्या आत परत निघा, ऊन चढतं. पाण्याच्या दोन बाटल्या न्या, एक तिच्यासाठी आणि एक तिनं वाहिलेल्या फुलांवर शिंपडायला.