दाराशी बसून म्हटलेला अभंग

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात, देऊळ झाडायला येणारी एक बाई दाराशी बसून मागे म्हणते. गळा गोड, अभंग तोंडपाठ. "तिला आत बसवू या," असं मी सुचवलं, तर एकजण म्हणाली, "तिथंच बरी आहे ती." बाकीच्या गप्प. तेव्हापासून भजनात मन रमत नाही. मंडळ सोडून घरीच नामस्मरण करावं का? आपल्या मुक्तीचा या कटकटींशी काय संबंध?
– एक भगिनी

उत्तर : ताई, मंडळ सोडू नका. मन रमेनासं झालं ते बरंच झालं. दाराकडे तुमचं लक्ष गेलं म्हणून ते झालं.

पंढरपूरला महाद्वाराशी नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोरच चोखोबांची समाधी. मी दर वेळी तिथे थबकते. मंगळवेढ्याला भिंत कोसळून १३३८ साली चोखोबा गेले. हयातभर त्यांना राऊळात पाऊल टाकता आलं नाही. दलितांसाठी ते दार उघडलं १९४७च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी तिथे दहा दिवस उपोषण केलं तेव्हा. सहाशे वर्षं गेली मधे! आत टाळ-मृदंग घुमतच होते. त्या भजनात आनंद नव्हता असं मी म्हणणार नाही, पण तो अर्धाच होता, असं मला मनापासून वाटतं.

आणि मुक्तीचं म्हणाल, तर वारकऱ्यांनी एकट्यापुरत्या मोक्षाची हाव कधी धरलीच नाही. पुन्हा जन्म आला तरी चालेल, संतसंग हवा, हेच त्यांचं मागणं. घरी बसून तो कसा मिळायचा?

आधी त्या बाईंना एकट्या गाठून विचारा, "आत बसायला आवडेल का?" सगळ्यांसमोर हाताला धरून ओढू नका, दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन त्यांनाच तिथे यायचंय. हो म्हणाल्या तर शेजारी बसवा, हातात टाळ द्या आणि एखादा अभंग त्यांनाच पुढे होऊन म्हणू द्या. कोपऱ्यात जागा करून दिली एवढ्यावर थांबू नका. भजन संपल्यावर आपण एकमेकींच्या पाया पडतो, तेव्हा त्यांच्या पायांपासून सुरुवात करा. "तिथंच बरी" म्हणणाऱ्या बाईंशीही बोला. घरी जाऊन, शांतपणे, पण बोलाच.